वहिनींच्या घरचं पाणी

बोळिंजच्या त्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये घरोघरी नळ होते, नळाला पाणी मात्र टँकरचं. ते कुठल्या विहिरीतून उपसलेलं, हे टँकरवाल्याला आणि देवालाच ठाऊक. सुनंदाने राहायला येताच स्वयंपाकघरात फिल्टर बसवून घेतला आणि पाण्याची काळजी मनातून काढून टाकली. शेजारणींनीही तेच केलं. मग टँकरवाल्याशी भांडायला कोण कशाला जातंय!

तिच्याकडे धुणंभांडी करणारी धोंडूबाई मागच्या चाळीत राहायची. तिथल्या विहिरीचं पाणी गढूळ, म्हणून ती रॉकेल जाळून ते उकळायची. पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, तेव्हा तिने संकोचत विचारलं, "वहिनी, रोज एक कॅन पानी नेऊ का?"

"अहो, विचारता काय? न्या की!"

फिल्टरची धार करंगळीएवढी, तिच्याखाली कॅन कधी भरायचा? सुनंदाने मोरीतला नळ दाखवला. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, याचं तिला फार बरं वाटलं.

पुढे धोंडूबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि काविळीने आडवी झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आईच्याही जिवाला धोका आहे आणि बाळाच्याही. ऐकून सुनंदाचा जीव कळवळला. तिने लगेच मोसंबी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाई आली ती दोन कॅन घेऊन. डोळे रडून सुजलेले.

"डाक्तर बोलले, तिला चांगलंच पानी द्या. म्हनून आज जास्ती नेते. विहिरीचं तर मी तिला थेंबभर दिलं नाय, वहिनी. आल्यापासून तुमचंच पाजते. उकळायला पन लागत नाय."

सुनंदाने एक कॅन उचलून फिल्टरखाली धरला.

"तिथं कशाला? किती वेळ जाईल! नळाला तेच पानी हाय ना?"

हो म्हणणं सोपं होतं. ते सुनंदाच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "नळाचं आम्ही पीत नाही."

धोंडूबाई नळाकडे बघत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर सुनंदाला सोसलं असतं.

"मग मला सांगायचं ना, वहिनी," ती हळूच म्हणाली. "मी उकळलं असतं."