पेटी नावाची सवत

सरकारचा हुकूम सुटला होता: वर्ष संपायच्या आत प्रत्येक इंजिनात गाडी आपोआप थांबवणारं यंत्र बसलंच पाहिजे. काकांच्या इंजिनात ते सोमवारी बसलं. करडी पेटी, वर छोटा पडदा आणि आत बाईचा आवाज. चालक चुकला तर ब्रेक तीच लावणार.

काका एकतीस वर्षं गाडी चालवत होते. लाल सिग्नल एकदाही ओलांडला नव्हता. रीत अशी, की सिग्नल दिसला की सहायकानं ओरडायचं, "हिरवा!" आणि चालकानं उलट म्हणायचं, "हिरवा!" नऊ वर्षं दोघांचं असं चाललं होतं. आता सहायकाच्या आधी पेटीच बोलायची, आणि सहायक काकांऐवजी तिलाच उत्तर द्यायचा.

"माझ्याशी बोल की लेका. तिच्याशी कसली लाडीगोडी?"

"काका, तिला आधी कळतं. आणि आवाज बघा, नुसती साखर!"

"मग तिच्याच हातचा चहा पी."

सहायक हसला. काकांच्या पोटात दुखलं ते दुखलंच.

त्यांची बायको इंजिनाला सवत म्हणायची. मुलगी तापानं फणफणलेली असताना काका ड्यूटीवर निघाले, तेव्हाही दारातून म्हणाली होती, "जा, ती वाट बघत असेल." काकांनी हसण्यावारी नेलं. बायको वारली त्याला आता आठ महिने झाले होते.

काकांनी ठरवलं, पेटीला एकदाही ब्रेक लावू द्यायचा नाही. पिवळा दिसायचा अवकाश, काकांचा हात ब्रेकवर. गाडी रोज चार मिनिटं उशिरा. एक डोळा रुळावर, दुसरा पडद्यावर.

गुरुवारी लख्ख ऊन होतं. सहायक इंजिनाच्या मागच्या भागात तपासणीला गेला होता.

"पुढे पिवळा," पेटी म्हणाली.

"गप्प बस गं," म्हणत काका वाकले आणि आवाजाचं बटण शोधू लागले. सापडलं. बंद केलं. तेवढ्यात पिवळा मागे पडला.

कचकन ब्रेक लागले. काकांनी लावले नव्हते. गाडी थांबली तेव्हा लाल सिग्नल चाळीस पावलांवर होता, आणि त्याच्या पलीकडे उभ्या गाडीचा शेवटचा डबा.

सहायक कपाळ चोळत धावत आला. "काका! अहो, काय झालं?"

"बाईसाहेबांनी वाचवलं."

ब्रेक का लागले, याचं कारण कागदावर लिहायचं होतं. सहायक हळूच म्हणाला, "धुकं लिहा."

"या उन्हात? आणि तिनं वर चुगली केली असेल केव्हाच."

काकांनी लिहिलं: "लक्ष सिग्नलवर नव्हतं." एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पेन खिशात ठेवताना त्यांना मुलीचा तो ताप आठवला. दारातली बायको आठवली. तेव्हा तरी कुठे होतं लक्ष?

सिग्नल बदलला. काकांनी वाकून पेटीचा आवाज पुन्हा सुरू केला.

"पुढे हिरवा."

सहायकानं उत्तरासाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि काकांकडे बघितलं.

"दे की उत्तर तिला," काका म्हणाले. "मला अजून जमत नाही."