नेमके ओठच धूसर

नवा कॅमेरा घरात आला तेव्हा धाकटीने आधी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मगच खोकं उघडलं. आई म्हणाली, "अगं, कॅमेरा आहे की तान्हं मूल?" धाकटीला मात्र वाटलं, तान्हं मूल निदान रडून सांगतं तरी! कॅमेऱ्यात काही खोट असेल तर ती आपली आपणच हुडकून काढायची, आणि तीही दुकानदाराने बदलून द्यायची मुदत संपायच्या आत.

पुढे फोटो स्टुडिओ आणि मागे घर, असा त्यांचा संसार. बाबांनी उभा जन्म त्या स्टुडिओत काढला. आणि माणूस बोलका तरी किती! समोरच्या गिऱ्हाइकाला बोलण्यात असं गुंगवायचे की फोटो कधी निघाला हे त्याला कळायचंही नाही. रडकी पोरं हसायची, रागावलेली नवराबायको एकमेकांना खेटून बसायची. दोन्ही मुलींपैकी थोरली लग्न करून पलीकडच्या गल्लीत गेली, आणि धाकटी बाबांच्या हाताखाली शिकून तयार झाली. "डोळ्यावर फोकस कर, बाकीचं आपोआप येतं," एवढंच बाबा तिला शिकवायचे, फक्त दिवसातून पन्नास वेळा.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हात सावरला, पाय सावरला, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. कळत सगळं होतं. आईने चहात साखर कमी घातली की लगेच भुवया आक्रसायच्या. पण तोंडातून शब्द नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत ओठ मिटून बसायचे, आणि ते मिटलेले ओठ बघून धाकटीला कधी रडू यायचं, कधी चक्क राग यायचा. असा कसा हा माणूस हात टेकून बसला?

त्यांना बोलतं करायला दर मंगळवारी एक थेरपिस्टबाई यायच्या. मोठ्या चिवट बाई. चित्रांचे पत्ते समोर धरायच्या. "हं, बाबा, हे काय? मां-ज-र." बाबा मांजराकडे बघायचे आणि मग खिडकीबाहेर. इकडे आई, धाकटी आणि थोरलीचा नवरा असे तिघंही श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेले. मागच्या मंगळवारी बाईंनी पत्ते पिशवीत भरले आणि दाराशी येऊन हळूच सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका. पण ते प्रयत्नच करत नाहीयेत. आणखी एकदा बघते. पुढच्या वेळीही असंच असेल तर मला थांबावं लागेल. रांगेत पुष्कळ जण आहेत, आणि ते धडपडतायत."

आईने मान डोलावली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठ्ठा सोडून बराच वेळ भांडी घासत बसली. घासायला भांडी नव्हतीच.

अशा त्या आठवड्यात कॅमेरा आला. धाकटीला वाटलं, कामात जीव रमेल. तिने कॅमेरा पारखायला घेतला. समोर कोण बसवायचं? बाबा होतेच की. हलत नाहीत, बोलत नाहीत, कंटाळलो म्हणत नाहीत. असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी तिने खुर्चीसमोर स्टूल ओढलं. आईने बाबांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा अर्धा ओढून ठेवला होता. म्हटलं, बघू तरी एवढ्या कमी उजेडात कॅमेरा काय करतो ते. डोळ्यावर फोकस केला, खटका दाबला. एक, दोन, पाच, दहा.

कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला आणि ती हरखलीच. काय तो फोटो! बाबांच्या भुवईतला केस न् केस सुटा दिसत होता. स्वेटरच्या विणीतून बाहेर आलेला धागा, चष्म्याचा कानाशी पडलेला वळ, गालावर दाढी करताना राहिलेले दोन पांढरे खुंट. आणि मग नजर खाली सरकली. ओठ धूसर. ओले रंग कोणी बोटाने फरफटवावेत तसे. बाकी चेहरा लखलखीत आणि नेमके ओठच धूसर! तिने दुसरा फोटो उघडला. तेच. तिसरा. तेच. 

"भावोजी!" तिने फोन लावला. "जरा येता का? कॅमेऱ्यात खोट आहे."

आता थोरलीच्या नवऱ्याबद्दल सांगायलाच हवं. हा माणूस दिवसभर विम्याच्या ऑफिसात बसायचा. स्वतः कधी धड फोटो काढला असेल तर शपथ. पण कॅमेऱ्यांबद्दल जे जे म्हणून कुठे छापून यायचं ते ते त्याला तोंडपाठ. कोणीही फोटो दाखवला की आधी कोपऱ्यात नाक घालून बघायचा. पोरांच्या वाढदिवसाचा फोटो दाखवला तर म्हणाला होता, "केक छान आहे, पण सावलीत दाणे आलेत, फोटो रवाळ दिसतोय." आई त्याला पाठीमागे 'पारखी' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तोंडावरही म्हणायची.

पारखी आले. कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बघितलं. चेहरा गंभीर झाला.

"भिंग वाकडं बसलंय," ते म्हणाले. "कारखान्यातच. परत दे."

"पण मग फक्त ओठच कसे?"

"ओठ फोटोत बरोबर खालच्या बाजूला येतात ना? तिथेच भिंगाची खोट आहे. साधी गोष्ट आहे! हे बघ, कॅमेरा उलटा धरून काढ. खोट भिंगात असेल तर आता कपाळ धूसर येईल."

सल्ला फुकटचा होता, पण चांगला होता. हे कबूल करायला धाकटीला जड गेलं. तिने कॅमेरा उलटा धरून फोटो काढले, मग आडवा धरून, मग उभा धरून. बाबा शांतपणे बसलेले. आई दारातून म्हणाली, "आता स्वतः उलटी हो, म्हणजे झालं."

फोटो उघडले. कपाळ स्वच्छ. ओठ धूसर.

पारखींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अशक्य," ते म्हणाले. मग पुस्तकांच्या कपाटाचा फोटो काढला, बाहेरच्या विटांच्या भिंतीचा काढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत वीट न् वीट लख्ख. "भिंगात खोट नाही. कॅमेऱ्याच्या आतही नाही. मग आहे तरी कुठे?" एवढी पारख केलेला माणूस, पण घोडं त्याचंही अडलं.

धाकटीने सगळे फोटो एका ओळीत लावले, फक्त ओठांचा भाग कापून. आणि ती एकेक तुकडा पुन्हा पुन्हा बघू लागली. खोट असती तर दरवेळी सारखी दिसली असती. ही सारखी नव्हती. एका फोटोत ओठांची धूसर जागा गोल होती. दुसऱ्यात पसरट. तिसऱ्यात खालचा ओठ आत गेलेला.

"भावोजी," ती म्हणाली. "भावोजी, खोट नाहीये. ते हलतायत. बाबांचे ओठ हलतायत."

"बाबा हलत नाहीत," पारखी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले, कारण घरात सगळेच असं म्हणत होते.

आणि चूक झाली होती ती नेमकी इथेच. दुसऱ्या कोणाचा फोटो असता तर धाकटीने एका क्षणात ओळखलं असतं, की उजेड कमी म्हणून खटका सावकाश, आणि तेवढ्यात माणूस हललाय. पण बाबा हलतच नाहीत हे तिने मनाशी इतकं पक्कं धरलं होतं की तिने नव्याकोऱ्या कॅमेऱ्यावर आळ घेतला. मला दिसलं कसं नाही? तिने कपाळावर हात मारला. दिसणार कसं! नजर सगळी डोळ्यावर, त्यांनीच शिकवल्यासारखी. आणि खटका दाबला की कॅमेऱ्यातला आरसा वर उडतो, तेवढ्या क्षणापुरता डोळ्यापुढे अंधार. नेमका तोच क्षण कॅमेऱ्याला दिसत होता.

तिने खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला केला, खटक्याचा वेग होता नव्हता तेवढा वाढवला आणि पुन्हा बाबांसमोर बसली. या वेळी एकामागून एक असे भराभर फोटो. कॅमेऱ्याआड तिचे डोळे इतके भरले होते की फोकस कुठे लागला ते तिलाच ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळीने बाबांचे ओठ उघडले, मिटले, जीभ दातांना टेकली, पुन्हा उघडले.

"दाणे किती आलेत!" पारखी सवयीने म्हणाले.

"येऊ देत!" धाकटी ओरडली.

"येऊ देत," पारखीही म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले. आई मागे येऊन उभी होती. तिने पडद्यावरच्या ओठांवरून बोट फिरवलं. एरवी पडद्याला बोट लावलेलं पारखींना खपायचं नाही, पण आज ते काही बोलले नाहीत. आई हसत होती, नाक ओढत होती, आणि मधेच म्हणाली, "आम्ही सगळे तोंडाकडे बघत बसायचो ना, म्हणून नाही बोलायचे ते. मी तरी कशी बोलले असते? आपण काय सर्कस बघायला बसलो होतो?"

मंगळवारी थेरपिस्टबाई आल्या तेव्हा धाकटीने त्यांना स्टुडिओतच गाठलं आणि छापलेले फोटो टेबलावर मांडले. बाईंनी एकेक फोटो उचलून बघितला. मग पत्त्यांची पिशवी खुर्चीवर ठेवून दिली.

"म्हणजे तोंड कोणी बघत नाही असं वाटलं की ते प्रयत्न करतात," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली मांजर दाखवत बसले! आणा तो कॅमेरा इकडे. आज त्याच्याआड मी बसते."

"मॅडम, तुम्हाला वापरता येतो?"

"त्यात काय? डोळा लावायचा आणि दाबायचं."

त्या आत गेल्या, बाबांसमोर बसल्या, कॅमेरा डोळ्याला लावला. आई, धाकटी आणि पारखी दारामागे एकावर एक माना काढून उभे.

"अय्या, सगळा अंधारच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा हलवला. एक बटण दाबलं, मग दुसरं. एक चाक डावीकडे फिरवलं, मग पूर्ण उजवीकडे. "बिघडला वाटतं." आणि त्यांनी कॅमेरा चक्क हातावर दोनदा आपटला.

पारखी पुढे झेपावले. धाकटीने त्यांची बाही घट्ट धरली. तिचं लक्ष बाबांकडे होतं. बाबांचे कान लाल झाले होते. नाकपुड्या फुलल्या होत्या. खुर्चीच्या हातांवर बोटं रुतली होती. कोणीतरी आपल्या देखत नवा कॅमेरा बडवतंय, हे त्या माणसाच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. बाईंनी तिसऱ्यांदा हात उगारला.

"झा," बाबा म्हणाले.

बाईंचा हात हवेतच थांबला.

"झा... झा... झाकण!"

आवाज जाड होता, गंजलेला होता, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढा मोठा होता. बाईंनी कॅमेरा खाली घेतला. भिंगावर काळं झाकण जसंच्या तसं. त्या झाकणाकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या, की स्टुलावरून खालीच घसरल्या. बाबांनी आधी रागाने त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या तोंडाला हात लावला, आणि मग तेही हसायला लागले. आई तर "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत खोलीभर फिरत होती. बाईंनी जमिनीवर बसूनच झाकण काढलं, आणि हसता हसताच खटका दाबला.

"खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?" धाकटीने नंतर विचारलं.

"छे हो! एवढी अक्कल असती तर पहिल्याच दिवशी केलं असतं," बाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी कॅमेरा चार्ज करून ठेवा. आणि त्याच्या पुढच्याही."

त्या दिवशी बाबा सगळ्याला 'झाकण'च म्हणाले. भूक लागली का? झाकण. खिडकी लावू का? झाकण. थोरली धावत आली, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, झाकण. कोणी चूक दाखवली नाही. आई प्रत्येक वेळी "हो हो, बरोबर" म्हणत होती, आणि घरात एकदम माणसं वाढल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी धाकटीने बाईंनी काढलेला फोटो छापून बाबांच्या हातात दिला. फोटो कसला, आनंदीआनंद! बाबांचं कपाळ कापलेलं, खुर्ची तिरकी, फोकस मागच्या भिंतीवर, चेहरा पुसट. पण तोंड भरून हसणारे बाबा.

"फोकस गेलाय," मागून पारखी म्हणाले. "चौकट वाकडी आहे. उजेड..."

"असला फोटो बाबांनी गिऱ्हाइकाला कधी दिलाच नसता," धाकटी हसत म्हणाली. "द्या बाबा, इकडे. फाडून टाकते, चांगला काढू." तिने हात पुढे केला.

बाबांनी फोटो छातीशी धरला. ओठ गोल झाले, पसरले, पुन्हा जुळले. सगळ्यांनी मुद्दाम माना दुसरीकडे वळवल्या. आईने तर टेबलावरचा चहाचा डाग पुसायला घेतला.

"न... नको," बाबा म्हणाले.

आईच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. "नको म्हणाले!" ती म्हणाली. "आता आला बघ माझा नवरा परत."