जाईबाईच्या खोलीतला चौदावा माणूस

कोंडीराम म्हणजे परळच्या आपल्या चाळीतला पहिला बी. ए. वर्षभरापूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय समाजशास्त्र अकादमीत तो लागला, तेव्हा बापाने चाळभर पेढे वाटले होते. अकादमी मोठी. मंडळावर देशभरातले चाळीस प्राध्यापक, समित्या नऊ, प्रत्येक समितीला वेगळा अध्यक्ष. एवढ्या विद्वत्तेची मुंबईतली शाखा म्हणजे गिरगावातल्या दोन खोल्या. तिथे चिटणीस हेरंबराव बसत. जिने चढून माणसं मोजायला मात्र एकटा कोंडीराम.

डिसेंबरात त्याने लालबागच्या चारशे खोल्या मोजल्या. एका खोलीत माणसं किती, कुठल्या गावची, कुठल्या कामावर. नाव लिहायचं नाही, खोलीचा नंबर आणि आकडा तेवढा लिहायचा. फॉर्मच्या डोक्यावर छापलं होतं की ही माहिती कोणत्याही व्यक्तीला किंवा सरकारी खात्याला दिली जाणार नाही. गिरणीतल्या गड्यांची खानावळ चालवणाऱ्या जाईबाईने ते वाक्य त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

"ह्यां वचन कोण देता?"

"अकादमी."

"ती खंय रवता?"

कोंडीरामला हसू आलं. मंडळ आणि समित्या तिला कुठे समजावत बसणार? "मावशी, अकादमी म्हणजे मीच समजा."

"मग लिही. चौदा गडी."

पुढे जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हणताच गिरणगाव रस्त्यावर उतरलं आणि गोळ्या सुटल्या. जाईबाईच्या खोलीतल्या रामूच्या मांडीतून गोळी आरपार गेली. काल सकाळी तिने कोंडीरामच्या चाळीत येऊन त्याला गाठलं.

"रामू माळ्यार आसा. तुझो तो चौदाचो कागद कोणाक दाखवशीत नाय मां?"

"नाही मावशी. बेलाशक घरी जा."

आणि आज दुपारी पोलिसांचा निरोप आला. जखमी इस्पितळात येत नाहीत, म्हणजे चाळीत दडलेत. तुमच्या लोकांनी महिन्यापूर्वीच खोल्या मोजल्यात. चार वाजता कागद घेऊन लालबागला या, डोकी पडताळून बघू.

"आपण नाही म्हणू या, साहेब," कोंडीराम हेरंबरावांना म्हणाला. "वरच छापलंय."

"नाही म्हणायला मंडळाचा ठराव लागतो. मंडळाची बैठक मार्चात."

"आणि हो म्हणायला?"

हेरंबरावांनी घड्याळ पाहिलं आणि टोपी उलटीच डोक्यावर चढवली. साहेबच घाबरलेत हे पाहून कोंडीराम दुप्पट घाबरला. चौदापैकी एक कमी भरला, की माळा तपासणार. रामूला फरफटत नेणार. आणि ते कुणामुळे? आपल्यामुळे.

तो आतल्या खोलीत गेला, कोरा फॉर्म काढला आणि जाईबाईच्या खोलीचा कागद पुन्हा लिहिला. चौदाच्या जागी तेरा. जुना कागद फाडून त्याने खिशात कोंबला. आयुष्यातला हा पहिला खोटा आकडा.

चार वाजता दोघे गठ्ठा घेऊन लालबागला पोचले, तेव्हा इन्स्पेक्टर जाईबाईच्या चाळीच्या जिन्याशीच उभा होता. "वरून सुरू करू," गठ्ठा हातात घेत तो म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून पहिलीच खोली जाईबाईची. सगळे गडी भिंतीशी रांगेने उभे केले गेले. हवालदार बोट दाखवत मोजत गेला आणि शेवटाला येऊन म्हणाला, "चौदा."

कोंडीरामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. रांगेच्या टोकाला पन्नाशीचा एक गडी उभा होता. त्याच्या कानामागे लाकडाचा भुसा चिकटलेला. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला असलेला जाईबाईचा भाऊ, कुशाबा. डिसेंबरात कोंडीरामने त्याला इथेच जेवताना पाहिलं होतं. जाईबाई कोंडीरामकडे बघत होती. तुझा कागद खोटा पडू दिला नाही हो, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रामू वखारीत गेला होता आणि त्याच्या जागी वखारीतला माणूस इथे आला होता. कागदावर चौदा म्हणून तिने चौदा उभे केले. आणि इकडे ह्या शहाण्याने तेरा करून ठेवले!

"कागदावर तेरा," इन्स्पेक्टर म्हणाला. "हा चौदावा कुठनं उगवला? ए, कानामागे भुसा असलेला, पुढे ये. कुठे असतोस तू?"

कुशाबाने जाईबाईकडे पाहिलं. त्याने वखार म्हटलं की पोलीस थेट तिकडे, रामूकडे. कोंडीराम दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, तो कागद खोटा आहे. मी ह्या खोलीत आलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"तीन मजले चढायचा कंटाळा आला. इराण्याकडे बसून मनानेच आकडे भरले."

माणसं मोजणाऱ्याला याहून मोठं पाप नाही. हेरंबराव त्याच्याकडे बघतच राहिले.

"ह्या एकाच खोलीचा?" इन्स्पेक्टरने विचारलं. "का बाकीचेही तसेच?"

एकच म्हटलं, तर बाकीच्या खोल्या आता मोजल्या जाणार. त्यांत आणखी किती रामू असतील, कुणास ठाऊक. कोंडीरामला ते सगळे जिने आठवले, सुजलेली पावलं आठवली, लोकांनी बोटांवर मोजून खरे सांगितलेले आकडे आठवले.

"सगळेच, साहेब. चारशेच्या चारशे."

हवालदार फिसकन हसला. इन्स्पेक्टरने गठ्ठा जमिनीवर आपटला. माळ्यावर एका शिपायाला चढवून बघितलं, तिथे डेगचीखेरीज काही नव्हतं. "ह्या रद्दीवर काय शोधायचं, कपाळ!" म्हणत तो खाली उतरला.

हेरंबराव मागे रेंगाळले. "कोंडीराम," ते हळूच म्हणाले, "खरं सांगा. तुम्ही चढला होतात ना?"

दारात माणसं जमली होती. कोण कुणाचं, कोणी सांगावं? "नाही, साहेब."

"मला दिल्लीला कळवावं लागेल. यापुढे तुम्हाला कुठेच नोकरी..." तेही जिना उतरले.

गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, आमची माणसं मनानेच मोजली लेकाच्याने!" जाईबाई जमिनीवरचे कागद एकेक करून उचलत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"झिला, तू तर इल्लस. हय बसान चाय घेतलंस."

"मावशी, मी आलो नव्हतो. कोणी विचारलं तर हेच सांगा."

तिने गठ्ठा त्याच्या हातात दिला. तो घेऊन कोंडीराम निघाला. घरी बाप वाट बघत असणार, आणि लालबागची बातमी परळला पोचायला कितीसा वेळ लागतो? बापाला काय सांगायचं, हे त्याला तिन्ही जिने उतरेपर्यंत सुचलं नाही.