लिंबूटिंबू

रविवारी दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी तिने आईचे हेडफोन डोक्यावर चढवले आणि त्यांची पट्टी दोन खाचा सैल केली. आईचं डोकं आपल्यापेक्षा एवढं लहान होतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

पडद्यावर एका दगडी पुलाच्या टोकाशी एक बुटकी बाई उभी होती. एका हातात आखूड तलवार, दुसऱ्यात लाकडी वाडगा. डोक्यावर नाव तरंगत होतं, लिंबूटिंबू.

खरं तर संगणक पुसून कुणाला तरी देऊन टाकायचा, म्हणून ती त्याच्यापुढे बसली होती. पण इतरांबरोबर ऑनलाइन खेळायच्या एका खेळाचं चित्र दिसलं आणि बारा दिवस छळणारा प्रश्न पुन्हा वर आला. आई मंगळवारी गेली. त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी साडेचारला, तिने आईला फोन केला होता. नवऱ्याचं घर सोडून मी मैत्रिणीकडे राहते आहे, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. ते महिनाभर जिभेवर घेऊन ती फिरत होती. "आई, ऐक ना," इतकं म्हणून होतंय तोवर आई म्हणाली, "आत्ता नाही गं, माणसं खोळंबलीत," आणि फोन ठेवून दिला. आई एकटी राहायची. चाळीस वर्षं कचेरीत टंकलेखन करून निवृत्त झालेल्या बाईकडे रविवारी दुपारी कुठली माणसं खोळंबणार? सोमवारी तिने रागाने फोन केला नाही. मंगळवारी ते वाक्य ऐकणारंच कुणी उरलं नाही.

"उगवलात का, लिंबूबाई?" कानात एक जाडाभरडा पुरुषी आवाज म्हणाला. दाराएवढी ढाल घेतलेला एक धिप्पाड गडी पुलावरून तिच्याकडे येत होता. त्याचं नाव मुकादम. "गेल्या रविवारी दांडी मारलीत. आम्ही दोघांनी इथे तीनदा मार खाल्ला."

"चारदा," एका बाईचा हसरा आवाज आला. मुकादमाच्या मागे पाठीला धनुष्य लावलेली, चिमणी नावाची एक बाई होती. "तुम्ही ढाल घ्यायलाच विसरलात, ती खेप धरली नाहीत. लिंबूताई, लिहा की काहीतरी. एरवी आमचं अर्धं वाक्य होईस्तोवर तुमची चार येतात."

म्हणजे आई बोलत नसे, लिहीत असे. तिने दोन बोटांनी लिहिलं, "आहे."

सांगून टाकावं, असं मनात आलं. पण सांगितलं की ही दोघं हळहळतील, दोन शब्द बोलतील आणि निघून जातील. आई यांच्यासाठी त्या दिवशी एवढी कशाला अडली होती, ते कळायचं राहूनच जाईल. ती गुपचूप त्यांच्या मागून पुलावर चढली.

पलीकडे घराएवढं दगडी अस्वल होतं. मुकादम ढालीसकट त्याला भिडला. चिमणीचे बाण सुटले. ती चार पावलं मागे थांबली आणि वाडग्याचं चित्र असलेली कळ दाबली. मुकादमाचा जीव दाखवणारी, ओसरलेली लाल पट्टी भरून आली. तिला बरं वाटलं. तिने पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. पाचव्यांदा काहीच झालं नाही. वाडगा कोरडा ठणठणीत होता. मुकादम आडवा झाला, मग चिमणी, आणि मग अस्वलाने सावकाश तिच्याकडे तोंड वळवलं.

तिघंही पुन्हा पुलाच्या अलीकडे उभी राहिली.

"ती तलवार काय भाजी चिरायला आणलीत?" मुकादम म्हणाला. "एक वार केला नाहीत. वाडगा भरणार कुठून?"

"निव्वळ वैद्य असतो तो मागे उभा राहतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत," चिमणी म्हणाली. "तुमची जात धड वैद्याची नाही, धड लढवय्याची नाही. आधी तडाखे द्यायचे, त्यातून वाडगा भरतो. मग पाजायचं."

"विसरले," तिने लिहिलं.

दुसऱ्या खेपेला ती अस्वलाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. प्रत्येक वाराबरोबर वाडगा बोटभर चढत होता. एकदा तिने घाईने ओतला, एकदा धडधाकट चिमणीलाच पाजला. तरी यावेळी आडवं होण्याआधी त्यांनी अस्वलाला अर्ध्याच्या खाली आणलं. आपण खुर्चीच्या काठावर आलो आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"येतंय लाइनीवर," मुकादम म्हणाला. तो पाणी पीत असावा, घोट ऐकू आले. "पण आज लक्ष ठिकाणावर नाही तुमचं. लेक आली वाटतं राहायला?"

तिने कळफलक जवळ ओढला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने लिहिलं.

"घ्या. तुम्हीच लिहिलंत की, मागच्या वेळी खेळलात त्या रविवारी. लढाई ऐन रंगात, आणि तुम्ही खांबासारख्या उभ्या. आम्ही दोघं मेलो. मग म्हणालात, माफ करा, लेकीचा फोन होता."

"आणि वेळ बदला म्हणालात," चिमणी म्हणाली. "चारऐवजी सकाळी अकराला खेळू. लेक राहायला येणार आहे, रविवारी ती बारापर्यंत झोपते; दुपारी ती जागी असताना मी कानाला हे लावून बसले तर बरं दिसायचं नाही."

लेकीने तर काहीच सांगितलं नव्हतं, असं तिने लिहायला घेतलं. ते खोडलं. मग लिहिलं, "आणखी काय म्हणाले मी?"

"परीक्षा घेताय का आमची?" मुकादम हसला. "पोरगी महिनाभर जिन्यात उभी राहून फोन करते, म्हणालात. आवाज घुमतो. आपल्या घरात सुखाने राहणारं माणूस जिन्यात जाऊन कशाला बोलेल?"

मैत्रिणीच्या घराला एकच खोली होती. फोन घेऊन ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसत असे, आणि शक्य तितक्या मोकळ्या आवाजात बोलत असे.

"मी तुम्हाला विचारलंसुद्धा," चिमणी म्हणाली, "की मग तिचं ऐकून का नाही घेतलंत? तर तुम्ही म्हणे, फोनवर बोलून मोकळी झाली तर तिथेच जिन्यात राहील. अडू दे जरा. अडली की येईल, समोर बसून सांगेल. मला तर बाई कठोरच वाटलं ते."

"मग?" मुकादमाने विचारलं. "आली का?"

तिने हेडफोन किंचित सरळ केले. मग एकेक अक्षर शोधत लिहीत गेली.

"आले. मी तिची लेकच लिहिते आहे. आई त्यानंतरच्या मंगळवारी गेली. झोपेतच."

मुकादमाने कुठली तरी कळ दाबली असावी. धिप्पाड गड्याने ढाल जमिनीवर ठेवली आणि पुलाच्या तोंडाशी मांडी घातली. त्याच्या शेजारी चिमणी बसली.

"आम्हाला त्यांचं नावही माहीत नाही," तो म्हणाला.

तिने आईचं नाव लिहिलं. दोघांनी ते एकामागून एक, हळू आवाजात वाचलं.

"तुम्ही आता..." चिमणीने वाक्य सोडून दिलं. मग तीच म्हणाली, "म्हणजे, पुढच्या रविवारी आलात तर. अकराला जमायचं का मग?"

"नको," तिने लिहिलं. "चारच राहू दे. दुपारी या घरात आता मी एकटीच असते."