फक्कीच्या रेषेअलीकडे

"यायचं तर ये, पण बाटली आणायची नाही." बुटावरून मान वर न काढता लेक म्हणाली.

कापसाच्या बोळ्याने ती बुटाचं टोक घासत होती, त्यात आपलं नाक दिसेपर्यंत. आई खाकी शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होती. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

"आई, मी काय म्हणतेय?"

"कळलं ग बाई. नाही आणत."

"माझी शपथ?"

"शपथा कसल्या घालतेस सकाळी सकाळी!"

दोष कुणाचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पंधरवड्यापूर्वी शाळेच्या छात्रपथकाचा सराव बघायला आई गेली होती. लेक मार्कर होती, म्हणजे रांगेच्या टोकाला उभी राहणारी. उन्हात ती जरा डुलली. एवढंच. पण आई पाण्याची बाटली घेऊन थेट मैदानात घुसली, रांग फोडून, सावधान उभ्या असलेल्या पोरांमधून वाट काढत. कवायतीच्या सरांनी हाताची घडी घालून सगळं बघितलं आणि मग शांतपणे म्हणाले, "ताई, रिकाम्या मैदानावर पहिली तुमची मुलगी उभी राहते. बाकी सगळे तिच्या खांद्यावरून स्वतःला सरळ करतात. ती हलली की अख्खी रांग वाकडी. आज तुम्ही माझ्या सगळ्या परेडला पाणी पाजलंत."

त्या दिवसापासून पथकात लेकीचं नाव 'बाटली' पडलं. मार्करची जागाही गेली. ती तिने रोज सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर राहून परत मिळवली, आणि आज वार्षिक तपासणीची परेड होती.

"आज तसं झालं ना," बुटाची नाडी आवळत लेक म्हणाली, "तर मीच टोपी काढून सरांच्या हातात देईन. परत जाणार नाही."

ती बोलली तसं करणारी होती. त्या बाबतीत आईवरच गेली होती.

लेक गेल्यावर नवरा हसत म्हणाला, "दिवसभर लोकांच्या पोरांना सुया टोचतेस, तेव्हा हात थरथरत नाही तुझा. आपलीला मुंगी चावली की जीव खालीवर!"

खरं होतं ते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत ती रक्त काढायला बसे. रडकी पोरं, घाबरट पैलवान, सगळे तिच्या टेबलासमोर गुमान हात पुढे करत. माणूस चक्कर येऊन पडायच्या आधी कसा दिसतो, हे तिला पाठ होतं. वरच्या ओठावर घाम फुटतो, चेहरा पिठासारखा होतो आणि नजर लांबचं काहीतरी बघू लागते. लेकीलाही तिने शिकवून ठेवलं होतं, "गुडघे आवळून धरू नकोस. बुटाच्या आत बोटं हलवत राहा. कुणाला दिसत नाही."

बाटली नेहमीच्या पर्समध्ये मावेना, म्हणून तिने पर्स बदलली.

मैदानाच्या कडेने फक्कीची पांढरी रेघ ओढली होती. रेघेअलीकडे पालकांच्या खुर्च्या. सरांनी आरोळी ठोकली आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या मैदानात लेक एकटीच चालत गेली. हात खांद्यापर्यंत, टाच जमिनीवर खाड्कन. थांबली. मग बाकीची पोरं धावत आली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आईचा ऊर भरून आला.

तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ऊन चढत गेलं. आई खुर्चीत बसल्या बसल्या सँडलमधली बोटं हलवू लागली, जणू तिची हलली की लेकीचीही हलतील.

लेक ठीक होती. पण तिच्या शेजारची? पथकात तिला टिटवी म्हणत. लेकीची जिवाभावाची मैत्रीण, तोंडाचा पट्टा झोपेतही चालू. तिच्या वरच्या ओठावर काहीतरी चमकलं. नजर कुठल्या कुठे गेली होती.

आई उठली.

"बस खाली," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. "पुन्हा तेच?"

"आपली नाही हो, शेजारची पडतेय!"

रेघेपाशी सर उभे होते. ती तिथवर गेली. "सर, दुसरी मुलगी."

"बघितलंय," मान न वळवता सर म्हणाले. त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर दोन छात्र मागून निघालेही होते. पण टिटवी त्याआधीच गुडघ्यात मोडली आणि लेकीच्या चकचकीत बुटावर कोसळली. टोपी घरंगळत पुढे गेली.

वाऱ्याने पीक हलावं तशी रांग हलली. पोरांच्या माना वळल्या. लेकीची वळली नाही. डोळे समोर, हनुवटी वर. दोघांनी टिटवीला उचलून झाडाखाली नेलं, आणि हललेली रांग हळूहळू लेकीच्या खांद्यावरून पुन्हा सरळ झाली.

आईचा हात पर्समध्ये होता, बाटलीभोवती घट्ट. पाय रेघेला टेकले होते. अंगणात चिमणीचं पिल्लू पडलं तर दोन दिवस न जेवणारी ही पोर. आता मैत्रीण पायाशी पडली आणि तिने खाली पाहिलंसुद्धा नाही. ही कोण? हिला कधी घडवलं मी? आईने एक पाऊल उचललं, आणि होतं तिथेच परत ठेवलं.

पाहुणे आले, पाहून गेले. परेड सुटली. लेक ताठ चालत रेघेपर्यंत आली. तिचे गाल ओले होते, घामाने नव्हे.

"आई, बाटली दे."

"आणू नको म्हणाली होतीस ना?"

"आणली असशीलच की! दे लवकर."

बाटली हिसकावून ती झाडाकडे पळाली. आधी तिने टिटवीचे पाय आपल्या मांडीवर उंच घेतले, कॉलरचं बटण सोडलं, मग घोट घोट पाणी पाजलं. घाई नाही, गडबड नाही. प्रयोगशाळेतल्या टेबलापाशी कुणाला चक्कर आली की तिची आई करते, अगदी तसंच.

"जा की आता," नवरा म्हणाला. "परेड सुटली. आता कोण अडवतंय तुला?"

पोरांच्या पायांनी फक्की पुसत चालली होती.

"नको," ती म्हणाली. "तिथे आहे ती."

आणि ती रेघेअलीकडेच उभी राहिली, सरळ, हात बाजूला. सँडलमधली बोटं मात्र अजून हलत होती.