सोनूला विचारा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या चांदीप गावात कोणालाही विचारा. सासूबाई म्हणायच्या, दिपिकाला सांगितलं की दवंडी पिटायची गरज नाही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट मिरवायचे मी.

दुपारी आमच्या ओटीवर बचत गटाच्या सहाजणी बसतो. मोड आलेले वाल सोलायचे, पिशव्या भरायच्या आणि विरारच्या बिल्डिंगवाल्यांना पाठवायच्या. हात कामात, तोंड मोकळं. मग वालांबरोबर कोणाच्या सुनेची, कोणाच्या नवऱ्याची सालंही निघतात.

त्याच ओटीवर मी माझ्या पोरीची गोष्ट सांगितली. सोनू दहावीला. चाचणीत गणिताचा पेपर हातात आला आणि तिला येत असलेलंही आठवेना. अर्धा पेपर कोरा ठेवून ती बाथरूममध्ये जाऊन रडली. घरी येऊन मला बिलगली आणि म्हणाली, "आई, कोणाला सांगू नको हं, प्लीज." मी "नाही गं बाई" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी अर्धा किलो वाल सोलून व्हायच्या आत सांगून मोकळी. वाईट हेतू नव्हता हो! जीव जळत होता पोरीसाठी. आता तुम्हाला सांगतेय, पण तिला विचारून सांगतेय.

दोन दिवसांनी आमच्या गटातली, शेजारची रीमा बसस्टॉपवर सोनूला भेटली. सोनूच्या वर्गातली चार पोरं-पोरी शेजारी उभी. आणि ही बाई मोठ्यांदा विचारते, "काय गो सोनू, पेपरात रडलीस म्हने?"

त्या दिवसापासून सोनूने माझ्याशी बोलणं आवरतं घेतलं. "जेवलीस?" "हो." "शाळेत काय झालं?" "काही नाही." आधी मीच भडकले. "आई बोलली चार बायकांत, तर काय आभाळ कोसळलं?" ती वही उचलून आत गेली. आठवडा गेला, दोन गेले. मग मात्र मला उमगलं. दहावीचं वर्ष, पोरगी आतल्या आत घाबरतेय, आणि ती पुन्हा कधी रडली तर मला कळणारसुद्धा नाही. ती वाट मीच बंद केली होती, माझ्या तोंडाने.

एका सकाळी भाकऱ्या थापताना मी म्हटलं, "सोनू, चुकलं माझं."

ती डबा भरत होती. वर न बघता म्हणाली, "सांगितलंस ओटीवर, आणि सॉरी किचनमध्ये?"

तव्यावरची भाकरी करपली, मला पत्ता नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर धनेश म्हणाला, "बायकांसमोर पोरीची माफी मागनार? डोक्यावर बसेल उद्या."

"डोक्यावर बसू दे," मी म्हटलं, "शेजारी तर बसत नाय आता."

दुसऱ्या दिवशी वालाची पाटी मध्ये ठेवली आणि बसायच्या आधीच बोलले. "सोनूने मला विश्वासाने सांगितलेलं. मी इथे बोलले, ते चुकलं माझं. आजपासून तिचं काही माझ्या तोंडून निघनार नाय. काय हवं ते सोनूला विचारा."

रीमा फणकारली. "म्हनजे आम्ही चुगलखोर?"

"तू नाय गो. तोंड माझं होतं."

"पोरांचं काय गुपित असतं? कालची पोरं ती!"

"असतं," मी म्हटलं आणि वाल सोलायला घेतले. एकीने पाट जरा लांब सरकवला. मला झोंबलं, पण माघार घेतली नाही.

घरी सोनूला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पुन्हा मिरवणंच झालं असतं.

खरी परीक्षा पुढे होती. सोनूने सहीसाठी फॉर्म पुढे केला. बघते तर गोळाफेकीत तालुक्यात दुसरी, आता जिल्ह्याला जाणार! माझे डोळे भरून आले. "अगो बाय माझी! ओटीवर सांगू ना?"

"नको."

"चांगलं आहे ना गं हे!"

"चांगलं आहे. पण माझं आहे."

मी सही केली. चार दिवस ती बातमी माझ्या पोटात भिजत घातलेल्या वालासारखी फुगत होती. रीमाने तर पिच्छाच पुरवला. "सोनूचं काय चाललंय? मार्क किती? काहीतरी बोल गो!" मी आपली, "सोनूला विचार." शेवटी ती चिडली आणि खरंच सोनूला विचारायला बसस्टॉपवर गेली. तिथे सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझी आय आजारी हाय का गो? महिना झाला, तुझं नाव काढलं की तोंडाला कुलूप. ओटीवर सगल्यांसमोर चुकलं म्हनाली वर!"

हे मला रीमानेच नंतर तणतणत येऊन सांगितलं. मी पोट धरून हसले. आमच्या गावात चांगली बातमीसुद्धा चुगलीनेच पोचते.

त्या संध्याकाळी सोनू आली, दप्तर टाकलं आणि माझ्यापाशी जमिनीवर बसली. समोर पाटी होती, त्यातले वाल सोलायला लागली. विचारू का, विचारू का, असं माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, दहा वेळा गिळलं.

मग ती म्हणाली, "आई, एक सांगू?"

"सांग."

तिने सांगितलं. मधेच रडली, मग थोडी हसलीही. मी एकदाही मधे बोलले नाही, "मी तुझ्या वयाची असताना" सुरू केलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "मी काय करू?"

"काही नको. फक्त ऐक."

काय सांगितलं तिने? बघा, कान टवकारलेत ना लगेच! नाही सांगणार. कितीही गोड बोलून विचारा, नाही म्हणजे नाही.