ती म्हणते की

“सर, ‘यस्टर्डे’चं ‘द डे बिफोर’ का करायचं? काल तो कालच ना?” शहनाजनं विचारलं.

“दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगताना काळ एक पाऊल मागं सरकतो,” नूरुल अबसार मास्तर म्हणाले. “अगदी तुझ्या मार्कांसारखा.”

ओसरीवरच्या पोरी हसल्या. बांगलादेशातल्या संद्वीप बेटावर मास्तरांची उभी हयात इंग्रजी व्याकरणाच्या याच धड्यात गेली होती. डायरेक्टचं इनडायरेक्ट, इनडायरेक्टचं डायरेक्ट.

तेवढ्यात शेजारच्या चेमन आरा चालू फोन हातात धरून अंगणात आल्या.

“मास्तर, दिलदारच्या जहाज कंपनीचा माणूस आहे. नुसतं इंग्रजी झाडतोय. पोराच्या सुट्टीचं असेल, बघा बरं.”

मास्तरांनी फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस कागदावरचं वाचून दाखवावं तसा सावकाश बोलत होता. मास्तर ऐकता ऐकता पायरीवर बसले.

“काय म्हणतो?”

“भाभी, तो म्हणतो की... दिलदार काल जहाजावरून समुद्रात पडला. खूप शोधलं म्हणतो. आता शोध थांबवलाय.”

चेमन आरा रडल्या नाहीत. “तो म्हणतो म्हणजे? त्यानं पाहिलं?”

मास्तरांनी विचारलं. “नाही. कप्तानानं कळवलं म्हणतो.”

“कप्तानानं पाहिलं?”

पुन्हा विचारलं. “नाही. पोरगा सकाळी कामावर आला नाही, असं कुणीतरी कप्तानाला सांगितलं.”

“म्हणजे पडताना कुणीच पाहिलं नाही. सांगा त्याला, माझा पोरगा खाडीत वाढलाय, दिवस दिवस पोहतो. जहाज फिरवा म्हणावं. शोधा.”

“ती म्हणते की तिचा मुलगा...” मास्तर इंग्रजीत बोलू लागले आणि अडखळले. वाक्य पुढे सरकेना. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

“माझा मुलगा पट्टीचा पोहणारा आहे. जहाज फिरवा. माझ्या मुलाला शोधा.”

पलीकडून फोन बंद झाला.

“काय म्हणाला?”

मास्तरांनी फोन त्यांच्या हातात दिला.

“काही म्हणाला नाही, भाभी.”

चेमन आरांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. फोन परत आला तर मास्तर जवळ हवेत म्हणून त्या घरी गेल्याच नाहीत, पोरींच्या चटईच्या कडेला टेकल्या. शहनाजनं सरकून त्यांना जागा दिली.